लोकल फंडाचा आणा आणि शाळेची निवड

मुलाने कोणत्या शाळेत शिकावे हे पालकाने ठरवावे की सरकारने, आणि पालकाने ठरवावयाचे असेल तर त्याचा भार सरकारी खजिन्याने का सोसावा, हा वाद अलीकडे विधिमंडळात आणि न्यायालयात गाजू लागल्यामुळे तो आजकालचा आहे असा सर्वसाधारण समज झालेला दिसतो. परंतु जुन्या मुंबई इलाख्याचा शिक्षणविषयक इतिहास ज्याने थोडाफार चाळला असेल, त्याला हाच वाद पावणेदोनशे वर्षे नाना वेषांनी पुढे येत असल्याचे आढळल्यावाचून राहणार नाही. पैसा कोणाचा, अंतर किती आणि दरवाजा कोणाला उघडा, याच गोष्टींवर त्याचा निकाल प्रत्येक वेळी लागत आला. पालकाची निवड असे जिला आपण म्हणतो ती या गोष्टी आधी ठरून गेल्यावर उरलेल्या जागेतच काय ती नांदत आली, असे आमचे मत झाले आहे, आणि ते कशावरून झाले हे या लेखात मांडावयाचे आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे शाळा होत्या त्या पंतोजींच्या. गावातील एखाद्या सावकाराच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत दहापंधरा मुले जमवून पंतोजी त्यांच्याकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, पुढे बोरू हाती देऊन मोडी वळण बसवी, पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकवून घेई आणि दिवेलागणीला परवचा म्हणवून मुलांना घरी सोडी. याचा मोबदला त्याला शिध्याच्या रूपाने, सणावारी मिळणाऱ्या पोस्ताच्या रूपाने, क्वचित रोख पैशाच्या रूपाने मिळत असे. कुळकर्ण्याच्या मुलाला जमाखर्च, उगवणी आणि कागदाची वळणे येणे आवश्यक, वाण्याच्या मुलाला तोंडी हिशेब आवश्यक, आणि ज्याला जे हवे ते जो पंतोजी शिकवील त्याच्याकडे मूल धाडावे, असा सरळ व्यवहार होता. सरकार त्यात पडत नसे. पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा हा विद्येवरचा सरकारी खर्च खरा, पण तो शास्त्रीपंडितांसाठी होता; ओसरीवरच्या शाळेशी त्याचा संबंध नव्हता. या व्यवस्थेत पालकाला निवड होती हे मान्य करावे लागेल, फक्त तो पालक ओसरीवर पाय ठेवू शकणारा असला पाहिजे. गावातील बहुसंख्य घरांना, आणि सर्व घरांतील मुलींना, ती ओसरी नव्हतीच.

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. विद्येचा प्रसार हे सरकारचे कर्तव्य आहे असे त्याने प्रथम स्पष्टपणे लिहून ठेवले, १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करून दक्षिणेच्या रकमेला नवे वळण दिले आणि देशी भाषांतील पुस्तके तयार करण्याच्या कामाला पाठबळ दिले; तथापि याच दूरदर्शी पुरुषाने असेही भय व्यक्त केले की, विद्या प्रथम अतिशूद्रांत रुजली तर ती त्यांच्यापलीकडे पसरणारच नाही, कारण वरचे वर्ण तिच्याकडे पाठ फिरवतील. पुढे १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात इंग्रजी माध्यमाचा पक्ष अर्स्किन पेरी यांनी आणि मराठीचा पक्ष जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांनी हिरिरीने मांडला. पण थोडक्या पैशात वरच्या वर्गांना शिकवावे, त्यांच्याकडून विद्या खाली झिरपेल, हा सिद्धांत त्या मंडळाच्या कारभारावर पगडा बसवून राहिला.

१८५४ चा वुडचा खलिता हा आपल्या विषयाचा खरा आरंभबिंदू होय. इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण करावे आणि खासगी शाळांना सरकारी तिजोरीतून अनुदान द्यावे, ही दोन तत्त्वे त्यात होती, आणि त्याप्रमाणे १८५५ मध्ये मुंबईस खाते सुरूही झाले. अनुदानाचे तत्त्व मोठे मोहक आहे. सरकारने सर्व शाळा स्वतः चालविण्याऐवजी, ज्याला शाळा काढावयाची इच्छा आहे त्याने ती काढावी, लोकांना पसंत पडेल तिथे त्यांनी मुले घालावी आणि सरकारने काम पाहून पैसा द्यावा, म्हणजे थोड्या खर्चात पुष्कळ शाळा होतील आणि लोकांचे स्वातंत्र्यही राहील, असा तो विचार होता. शाळेच्या निवडीचे आजचे पुरस्कर्ते जे युक्तिवाद करतात त्यांतील बहुतेक त्या काळच्या कागदपत्रांत या ना त्या रूपाने सापडतात.

काम पाहून पैसा द्यावयाचा तर काम मोजले पाहिजे. मुंबई इलाख्यात ते परीक्षेच्या निकालाने मोजण्याची पद्धत पडली. दरसाल दिपोटी, म्हणजे शिक्षण खात्याचा तपासनीस, येणार, एकेका मुलाला उभे करून वाचन, शुद्धलेखन, हिशेब विचारणार, आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील त्या मानाने शाळेची ग्रँट ठरणार, असा शिरस्ता झाला. दिपोटी येण्याच्या आधी महिनाभर शाळा सारवून घेतल्या जात, भिंतीवर नकाशे लावले जात, पाठ्यपुस्तकातील उतारे मुलांकडून इतके घटवून घेतले जात की पुस्तक उलटे धरले तरी मूल अडखळू नये; आणि जे मूल अडखळण्याचा संभव असे त्याला त्या दिवशी घरी राहण्याची सूचना होई. मंद मुलावर मेहनत घेणे शिक्षकाच्या तोट्याचे ठरले. शाळांनीच आपल्याला सोयीची मुले निवडावी हा परिणाम त्या पद्धतीतच अंतर्भूत होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती मोडीत काढण्यात आली तोपर्यंत तिने आपले काम करून ठेवले होते.

दरवाजाचा प्रश्न मात्र याहून पुष्कळ आधी उभा राहिला, आणि त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत नाव घालून घ्यावे म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. शाळेची ठरलेली फी देण्याची त्याची तयारी होती. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याला घेतले नाही, तेव्हा त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. त्या अर्जावर सरकारने केलेला ठराव आपल्या इलाख्याच्या शिक्षणाच्या इतिहासातील अत्यंत दुःखद कागद म्हणावा लागेल. कारण न्याय केवळ तात्त्विक दृष्ट्या पाहता अर्जदाराच्याच बाजूला आहे, हे सरकारने त्यात निःसंदिग्धपणे कबूल केले, आणि लगेच पुढे, एकट्या व्यक्तीसाठी युगानुयुगांच्या समजुती एकदम मोडल्यास बाकीची मुले शाळा सोडून जातील व शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल, सबब या बाबतीत काही करता येत नाही, असा निर्णय दिला. हिंदुस्थान सरकारला ही गोष्ट पसंत पडली नाही; कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनीही सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे १८५८ मध्ये बजावले. तत्त्व प्रस्थापित झाले खरे, परंतु प्रत्यक्षात अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढण्याचाच परिपाठ पडला, आणि जिथे वेगळी शाळा नसेल तिथे मुलाने व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसून जे कानावर पडेल ते घ्यावे असा क्रम कित्येक ठिकाणी पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

या प्रकरणात निवड कोणी केली हे नीट पाहण्यासारखे आहे. त्या मुलाने शाळा निवडली होती, फीही हातात घेऊन तो आला होता. इतर पालकांनीही निवड केली होती, आणि त्यांची निवड अशी की, तो येणार असेल तर आमची मुले येणार नाहीत. दोन निवडी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तेव्हा सरकारने संख्येकडे पाहून निकाल दिला. शाळेची निवड ही प्रत्येक कुटुंबाची खासगी बाब आहे असे जे नेहमी म्हटले जाते, त्याचा विचार करताना धारवाडच्या या अर्जाची आठवण ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. एकाने शाळा निवडली की वर्गातील बाकावर दुसऱ्याला जागा राहते की नाही हे त्यातच ठरते, आणि तो निवाडा अखेर सरकारलाच करावा लागतो.

आता पैशाचा विचार. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा पट्टी बसविली. लोक तिला लोकल फंड म्हणत. तिच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखून ठेवला होता. ही पट्टी रयत देत असे: कुणबी, माळी, धनगर, जो कोणी जमिनीचा सारा भरी तो. त्याच्या गावात शाळा असेल अथवा नसेल, त्याचा मुलगा शाळेत जाईल अथवा गुरांमागे जाईल, आणा मात्र तलाठ्याच्या कीर्दीत जमा होई. दुसरीकडे महाविद्यालये आणि हायस्कुले यांवरील सरकारी खर्चाचा लाभ मुख्यतः शहरांतील आणि वरच्या जातींतील मुलांच्या पदरी पडे.

ही विसंगती ज्याने सर्वांच्या आधी आणि सर्वांहून स्पष्टपणे सरकारपुढे ठेवली तो पुरुष म्हणजे जोतीराव फुले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून, पुढे महारमांगांच्या मुलांसाठी शाळा चालवून त्यांनी स्वतः अनुभव घेतलेला होता. त्यामुळे १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यास आले तेव्हा त्यांनी दिलेल्या निवेदनात पोकळ तक्रार नाही, हिशेब आहे. रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. इलाख्यातील सुमारे नऊदशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही असे म्हटले जाते. ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावे आणि त्यांना पोटभर पगार द्यावा. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या निवेदनातील एक भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. शाळा वाढवाव्या कशा, याचे जे उपाय त्यांनी सुचविले त्यांत शिकलेले व दाखला मिळविलेले शिक्षक ज्या देशी शाळा चालवीत असतील त्यांना सढळ हाताने अनुदान द्यावे हाही एक उपाय होता. त्याच्या जोडीला लोकल फंडाचा निम्मा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणाकडे द्यावा, नगरपालिकांवर आपापल्या हद्दीतील शाळा चालविण्याचे कायदेशीर बंधन घालावे आणि प्रांतिक वा साम्राज्याच्या तिजोरीतूनही पुरेशी रक्कम मिळावी, अशा मागण्या होत्या. म्हणजे खासगी शाळेला सरकारी मदत देण्यास जोतीरावांचा विरोध नव्हता. त्यांचा आग्रह क्रमाविषयी होता: जिथे काहीच नाही तिथे आधी, जिथे आहे तिथे नंतर. सरकारने हा क्रम त्या वेळी पाळला असता तर महाराष्ट्राचा पुढील इतिहास निराळा झाला असता, असे आम्ही पूर्ण विचारांती म्हणतो.

कमिशनने शिफारस केली ती अशी की, प्राथमिक शाळा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे जाव्यात आणि दुय्यम शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घेऊन ते खासगी संस्थांवर सोपवावे. त्यामुळे खासगी संस्थांना अनुकूल काळ आला, आणि तो त्यांनी उत्तम रीतीने साधला हेही सांगितले पाहिजे. कमिशनच्या आधीच, १८८० च्या आरंभी, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, थोड्याच काळात आगरकर त्यांना येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडले. अल्प वेतनावर आयुष्य वेचणाऱ्या शिक्षकांची जी परंपरा या आणि अशा संस्थांनी घालून दिली तिच्याविषयी कोणाही मराठी माणसाला आदर वाटल्यावाचून राहणार नाही. सदाशिव पेठेतील पालकाला सरकारी हायस्कूल की न्यू इंग्लिश स्कूल अशी खरी निवड प्राप्त झाली. त्याच काळात मावळातल्या शेतकऱ्याला निवडण्यासारखे काय होते?

याचे उत्तर ब्रिटिश मुलखात मिळाले नाही, संस्थानांत मिळाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि तो अनुभव जमेस धरून १९०६ मध्ये सबंध राज्याला कायदा लागू केला. त्याचे उदाहरण पुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदे कौन्सिलात आपले बिल आणले. ते किती सौम्य होते हे आज वाचताना आश्चर्य वाटते: सक्ती करावयाची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावे, ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच बरे आहे तिथेच ती करावी, आणि घरापासून वाजवी अंतरात मान्य शाळा नसेल तर पालकाला दोष देऊ नये. इतके करूनही १९१२ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी ते फेटाळले गेले. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, शेतीला मजूर मिळणार नाहीत, अशा सबबी सांगण्यात आल्या, आणि त्या सांगणारांत सरकारी अधिकाऱ्यांइतकेच आमचे धनिक देशबांधवही होते.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी जे केले त्यात या प्रश्नाची तिन्ही अंगे एकत्र हाताळलेली दिसतात, म्हणून तिकडे जरा थांबले पाहिजे. मुलाला कोल्हापुरात हायस्कुलात घालावयाचे तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, ही खेड्यातील पालकाची पहिली अडचण असते हे महाराजांनी ओळखले. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांना जागा आणि वार्षिक नेमणुका दरबारातून मिळाल्या. वसतिगृहाची खोली आणि दोन वेळचे जेवण मिळाले की पन्नास मैलांचे अंतर उरत नाही. यानंतर १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम अमलात आला. जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता, आणि त्या काळी शेतमजुराला एक रुपया जड होता हे लक्षात घेतले म्हणजे या हुकमामागील निर्धार कळतो. पुढे १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत इतरांच्या बरोबरीने बसविण्याचा हुकूम सुटला. धारवाडच्या अर्जदाराला जे उत्तर त्रेसष्ट वर्षांपूर्वी मिळावयास हवे होते ते असे एका संस्थानिकाच्या सहीने मिळाले. मुले शाळा सोडून जातील या भयाने महाराज थांबले नाहीत. आणि शाळाही बंद पडल्या नाहीत.

ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा मुंबईत झाला. पुण्यात या कायद्याखाली मुलगे व मुली दोघांनाही एकाच वेळी सक्ती करावी की मुलींचे मागाहून पाहावे यावर केवढे रण माजले आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुलींच्या बाजूने किती कष्ट घेतले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले, डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मंत्री झाले आणि १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांच्या हवाली झाल्या. लोकांच्या शाळा लोकांच्या हाती आल्या याचा आनंद झाला. परंतु बोर्डांना अधिकार मिळाले त्या मानाने पैसा मिळाला नाही, आणि बोर्डांतील बहुमत ज्यांच्या हाती त्यांना अस्पृश्यवस्तीतील शाळेची निकड वाटेलच अशी खात्री नव्हती. १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सरकारचा ताळेबंदच वाचून दाखविला: माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च होतात आणि अबकारी करापोटी त्याच माणसाकडून त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम घेतली जाते. दारूपायी जेवढे घेता तेवढे तरी विद्येसाठी परत द्या, ही मागणी कोणालाही न्याय्य वाटावी अशी होती.

या पोकळीत भाऊराव पाटील उभे राहिले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली, आणि तिच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसून, स्वतः पाणी भरून, स्वतः स्वयंपाक करून, शेतात राबून शिकू लागली. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने वसतिगृहाच्या धान्यासाठी गेले, मंगळसूत्रही राहिले नाही. कायद्याच्या भाषेत ही संस्था खासगीच. अनुदानाचे तत्त्व १८५४ साली ज्यांनी मांडले त्यांच्या मनातील खासगी शाळा लोकांच्या मागणीमागून जाणारी होती. भाऊरावांची शाळा जिथे मागणी करण्याइतकेही बळ नव्हते तिथे आधी गेली. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे हेच काम केले. खासगी आणि सरकारी असा भेद करून वाद घालणाऱ्यांनी हा दुसरा भेद अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण मुलाच्या दृष्टीने खरा फरक तिथे पडतो.

प्राथमिक शाळेत नाव दाखल होणे आणि शिकणे यांत किती अंतर असे, याचा पुरावा कोणत्याही जुन्या गावशाळेच्या जनरल रजिस्टरात मिळतो. जाड पुठ्ठ्याच्या, कडेने वाळवीने खाल्लेल्या त्या वहीत अनुक्रम, नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, इयत्ता असे रकाने आखलेले असतात. शेवटचा रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. पहिली-दुसरीच्या मुलांपुढे, एकाखाली एक, काळ्या शाईने, ‘सतत गैरहजर सबब नाव कमी’ ही नोंद आढळते. वर्गात न टिकणारी आणि एकाच इयत्तेत कुजणारी मुले म्हणजे गळती व स्थगिती, याकडे हार्टोग समितीने १९२९ मध्ये बोट दाखविले होते. गळतीचे कारण मास्तरांना ठाऊक असे: सुगी, गुरे, धाकटे भावंड. रकान्यात मात्र ते लिहिले जात नसे.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा काळ वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळे तो भरभर सांगतो. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांनी ज्यांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांपर्यंत आहे अशा पालकांच्या मुलांना फी माफ केली, आणि हायस्कूलची पायरी ज्यांना चढता येत नव्हती अशी असंख्य मुले या एका निर्णयाने वर आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगाव हायस्कुले निघाली ती बहुतांशी खासगी संस्थांची आणि सरकारी अनुदानाची. शिक्षकांचा पगार खजिन्यातून, व्यवस्थापन संस्थेचे, ही मुंबई इलाख्याची जुनी पद्धत नव्या राज्याने इतक्या मोठ्या प्रमाणावर स्वीकारली की आज महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण तिच्यावरच उभे आहे.

त्याच सुमारास कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली. एका वस्तीतील सर्व मुलांनी, श्रीमंत असो वा गरीब, वस्तीच्याच शाळेत जावे आणि वीस वर्षांत सर्व देशात अशी समाईक शाळापद्धती आणावी, असे आयोगाचे म्हणणे होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याचे सुपुत्र. शाळा चांगली ठेवावयाची तर बोलका, वजनदार पालक त्या शाळेचा भागीदार असला पाहिजे. तो आपले मूल काढून दुसरीकडे गेला की मागे राहणाऱ्यांसाठी भांडणारा कोणी उरत नाही, ही त्या शिफारशीमागील दृष्टी होती. आयोगाच्या इतर शिफारशी पुष्कळ अंशी अमलात आल्या. ही आली नाही.

उलट दिशेने मात्र पावले पडत गेली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. २००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले, ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये गळला, पण तोवर आणि त्यानंतरही बिनपगारी राबणारे शेकडो शिक्षक आझाद मैदानात उपोषणाला बसत राहिले. २०१२ मध्ये स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा झाला. अनुदान न देता शाळा वाढवावयाच्या या धोरणाने ज्यांच्याजवळ फी आहे त्यांच्यापुढे शाळांची रांग उभी केली; वाडीवस्तीवर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा होती तीच राहिली.

केंद्राचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना राखून ठेवल्या आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारवर सोपविली. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. घरकाम करणाऱ्या बाईचे मूल मालकिणीच्या मुलाशेजारी बाकावर बसू शकेल असा हा हक्क होता, आणि प्रतिपूर्तीच्या थकबाकीविषयी शाळांच्या तक्रारी, पालकांचे कागदपत्रांसाठीचे हेलपाटे, सोडतीची अनिश्चितता हे सर्व गृहीत धरूनही त्याचे मोल मोठे होते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली की, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे तिच्यावर ही पंचवीस टक्क्यांची जबाबदारी राहणार नाही. पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मे महिन्यात तिला स्थगिती मिळाली, १९ जुलै रोजी ती घटनाबाह्य ठरून रद्द झाली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

न्यायालयाचा निकाल योग्यच झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. जवळ सरकारी शाळा आहे म्हणून गरिबाच्या मुलाचा हक्क काढून घ्यावयाचा, आणि श्रीमंताच्या मुलाला मात्र तीच शाळा ओलांडून पुढे जाण्याची मोकळीक ठेवावयाची, ही व्यवस्था लोकल फंडाच्या आण्याइतकीच अन्यायाची होती. परंतु त्या निकालाने पंचवीस टक्के जागा वाचल्या. बाकीच्या मुलांपैकी बहुसंख्य मुले आजही जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांतच आहेत, आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या, दूरच्या मुलांना वाहनाने आणावे, असा विचार त्याच सरकारी दप्तरात २०२३ पासून चालू आहे. डोंगरातील वाडीवरून पावसाळ्यात ओढा ओलांडून येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला ते वाहन किती दिवस टिकेल, याचा अंदाज ज्याला कोकण, मावळ वा सातपुडा ठाऊक आहे त्याला करता येईल. तिची शाळा बंद करण्याचा अधिकार कोणाही सरकारला असता कामा नये.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यातील तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. समितीच्या एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, मिळालेल्या पैशाचा विनियोग ती पाहते. कित्येक गावांत तिच्या सभेच्या इतिवृत्तावर घरोघर फिरून सह्या घेतल्या जातात. ज्या वाचकांची मुले अशा शाळेत आहेत त्यांनी पुढच्या सभेला जातीने जावे, इतिवृत्ताची वही मागून वाचावी आणि पट कमी होण्याचे खरे कारण तिच्यात लिहून घ्यावे. आणि ज्यांची मुले तिथे नाहीत त्यांनीही आपल्या गावची शाळा बंद करण्याचा ठराव येईल त्या दिवशी ग्रामसभेत हजर राहावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.